मेनफ्रेमचा एडिटर हवा तसा करा, पण मूळ फाइलला हात नको!

गोंदिया, तिरोडा, आमगावहून शिकून पुण्या-हैदराबादच्या आयटी कंपनीत लागलेल्या तरुणाला पहिलेच काम मेनफ्रेमवर मिळू शकते. आयबीएमने १९६४ मध्ये ‘सिस्टिम ३६०’ जाहीर केली. त्याच घराण्यातली यंत्रे आजही मोठ्या बँका आणि विमा कंपन्यांचे व्यवहार सांभाळतात. समोर काळा पडदा, हिरवी अक्षरे आणि ‘आयएसपीएफ’चा एडिटर. तो आपल्या सोयीचा करायचा तर कसा?

प्रोफाइल म्हणजे काय?
अक्षरे मोठीच हवीत का, ओळींना क्रमांक हवेत का, रंग हवेत का, अशा आवडीनिवडींची नोंद म्हणजे एडिट प्रोफाइल. फाइलच्या नावाचा शेवटचा भाग पाहून एडिटर प्रोफाइल निवडतो. त्यामुळे कोबोलसाठी एक आणि जेसीएलसाठी दुसरे ठेवता येते. ही नोंद प्रत्येकाच्या स्वतःच्या ‘आयएसपीप्रोफ’ फाइलमध्ये राहते. तुमचा बदल शेजारच्याला त्रास देत नाही.

मूळ फाइल का बदलू नये?
आयबीएमने दिलेल्या फाइल सगळ्यांसाठी सामायिक असतात. एक चूक झाली तर सगळ्यांचेच काम अडते. शिवाय पुढची दुरुस्ती आली की तुमचे बदल पुसले जातात. घरातले दिवे आपण हवे तसे लावतो, पण वीज कंपनीच्या मीटरला हात लावत नाही. तसेच हे आहे.

मग बदल कुठे करायचा?
- स्वतःपुरता बदल असेल तर ‘प्रोफाइल’ कमांड द्या, हवे ते ठरवा आणि ‘प्रोफाइल लॉक’ करा. त्यानंतर सहज केलेले बदल कायम राहत नाहीत.
- ‘झेडडिफॉल्ट’ नावाचे प्रोफाइल करून लॉक केले, की नव्या प्रोफाइलची सुरुवात त्यावरून होते.
- पॅनेल किंवा मॅक्रो बदलायचा असेल तर त्याची प्रत स्वतःच्या लायब्ररीत ठेवा आणि ती लायब्ररी शोधाच्या यादीत मूळ लायब्ररीच्या आधी लावा. यंत्रणा वरून खाली शोधते आणि जे आधी सापडेल तेच वापरते. मूळ प्रत जागेवर सुरक्षित राहते.

धोका कुठे?
पहिला धोका ‘नंबर ऑन’चा. ८० रकान्यांच्या ठरावीक लांबीच्या फाइलमध्ये ७३ ते ८० या रकान्यांत क्रमांक लिहिले जातात. तिथे खरी माहिती असेल तर ती जाते. म्हणून डेटा फाइल उघडताच आधी प्रोफाइल पाहा.

दुसरा धोका स्वतःच्या प्रतीचा. आयबीएमची दुरुस्ती मूळ फाइलला लागते, पण पुढे लावलेली तुमची जुनी प्रतच चालत राहते. दुरुस्ती आली म्हणून सगळे निर्धास्त असतात आणि चूक तशीच असते.

म्हणून काय बदलले, कधी आणि का, याची यादी ठेवा. प्रत्येक अपडेटनंतर दोन्ही प्रती ताडून पाहा. गरज संपली असेल तर आपली प्रत काढून टाका.