आई-बाबा लोकलमध्ये, बाळ पाळणाघरात. नाते कमकुवत होते का?

कल्याणहून सीएसएमटी सुमारे ५४ किलोमीटर. नोकरी आणि दोन्ही वेळचा प्रवास धरला, तर बारा तास घराबाहेर सहज जातात. त्यामुळे दिवसभर आजीकडे किंवा पाळणाघरात राहणारे बाळ आपल्यापासून दुरावेल का, ही धास्ती अनेक आई-वडिलांना असते. संशोधन काय सांगते?

'अटॅचमेंट' म्हणजे काय?
घाबरल्यावर, दुखल्यावर बाळ ज्या माणसाकडे धावते, त्याच्याशी जुळलेला भावनिक बंध. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी ही संकल्पना मांडली. मेरी एन्सवर्थ यांनी ती तपासणारा प्रयोग आखला. त्यात आई वर्षभराच्या बाळाला काही मिनिटे अनोळखी खोलीत ठेवून जाते. ती गेल्यावर बाळ किती रडते, यापेक्षा परतल्यावर ते तिच्याजवळ जाऊन शांत होते का, हे महत्त्वाचे मानले जाते.

आजीचा लळा लागला तर?
आईचा लळा कमी होत नाही. ग्लासगोतील ६० बाळांच्या अभ्यासात (१९६४) दीड वर्षापर्यंत बहुतेकांचे एकाहून अधिक व्यक्तींशी बंध जुळलेले आढळले.

पाळणाघराचा परिणाम होतो का?
अमेरिकेत १९९१ मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात १,३०० हून अधिक मुले होती. केवळ पाळणाघरात ठेवल्याने आईशी असलेला बंध असुरक्षित होत नाही, असे त्यात दिसले. आई बाळाला कसा प्रतिसाद देते, हे निर्णायक ठरले. मात्र हा प्रतिसाद तोकडा असेल आणि त्यात पाळणाघराचा दर्जाही सुमार असेल, तर धोका वाढतो.

कायदा काय म्हणतो?
२०१७ च्या दुरुस्तीनुसार ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक झाली. पण गर्दीच्या लोकलमधून बाळाला मुंबईला नेणार कसे? म्हणून कल्याणकरांसाठी घराजवळच्या पाळणाघराचा दर्जाच महत्त्वाचा.

काय करता येईल?
– एका ताईंकडे किती मुले आहेत, सांभाळणारी माणसे वारंवार बदलतात का, हे विचारा.
– बाळाचा डोळा चुकवून निघू नका; सांगून निघा.
– घरी आल्यावर आधी बाळाला जवळ घ्या, मोबाइल नंतर.
– किशोरवयीन मुले दार लावून बसली, तरी त्यांना हा आधार लागतोच. चिंता वाटल्यास 'टेली मानस'च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोला.

थोडक्यात, घड्याळातील तासांइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व बाळाला मिळणाऱ्या प्रतिसादाला आहे.