उतारवयातील उदासी आणि ओसरणारी संप्रेरके

श्रावणी सोमवारी ओतूरला मांडवीकाठच्या कपर्दिकेश्वराची यात्रा भरते. तांदळाच्या पिंडी पाहण्यासाठी जुन्नर-आंबेगावच्या वाड्यावस्त्यांवरून माणसे येतात आणि मुंबईला स्थायिक झालेली मुलेबाळेही त्या निमित्ताने गावाकडे फिरकतात. आयुष्यात एकही यात्रा न चुकवलेले घरातले वडीलधारे माणूस मात्र एखाद्या वर्षी म्हणते, "तुम्ही जाऊन या, मला काही जावंसं वाटत नाही." गुडघे दुखत असतील तर कारण कळते. परंतु गुडघे धड आहेत, गाडी दारात उभी आहे, नातवंडे हात धरून ओढत आहेत आणि तरीही जावेसे वाटत नाही, तेव्हा घरातली मंडळी काय म्हणतात? "वय झालं आता." वाचकहो, उतारवयातील नैराश्य आपल्या घरांत ज्या पडद्याआड लपून राहते, तो पडदा याच शब्दांचा आहे.

हे लपणे किती मोठे आहे, याचा अंदाज एका पाहणीवरून येतो. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातील ४५ वर्षांवरील व्यक्तींच्या आरोग्याची पाहणी केली. साठी ओलांडलेल्यांना ठरावीक प्रश्न विचारले असता सुमारे ८.३ टक्के व्यक्तींमध्ये नैराश्याची लक्षणे आढळली. डॉक्टरांनी आपल्याला हा आजार सांगितला आहे, असे म्हणणारे मात्र जेमतेम ०.८ टक्के होते. म्हणजे दहांपैकी नऊ जणांच्या दुखण्याला अजून नावच मिळालेले नाही.

अलीकडे "वय झालं" या उत्तराच्या जोडीला दुसरे एक उत्तर आले आहे : "हा सगळा हार्मोन्सचा खेळ आहे." मोबाइलवरच्या जाहिराती ते सांगतात, औषधाच्या दुकानातल्या 'शक्तिवर्धक' डब्या सांगतात, कधीकधी शहरातून आलेला भाचाही सांगतो. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते आयुष्याच्या काही विशिष्ट टप्प्यांपुरते आणि काही विशिष्ट माणसांपुरते आहे. ते टप्पे कोणते, एवढे ओळखता आले की पुष्कळ वणवण आणि पुष्कळ पैसा वाचतो.

प्रथम स्त्रियांविषयी. अंडाशयातून स्रवणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक केवळ पाळीशी निगडित नसते. मनाची उभारी, झोप आणि शरीराचे तापमान यांचा तोल राखणाऱ्या मेंदूतील रसायनांवरही त्याचा प्रभाव असतो. भारतीय स्त्रीची पाळी साधारणपणे ४६-४७ व्या वर्षी थांबते. त्याआधीची काही वर्षे आणि नंतरची एक-दोन वर्षे हा खरा खळबळीचा काळ. या काळात इस्ट्रोजेन सरळ उतरत जात नाही. ते आज वर, उद्या खाली असे हेलकावे खाते आणि मनाला त्रास होतो तो मुख्यतः या हेलकाव्यांचा. रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने जाग येते आणि सलग काही रात्री झोप मोडली की चिडचिड, रडू, निरुत्साह ओघानेच येतात. ज्यांना पूर्वी कधी नैराश्य येऊन गेले आहे, विशेषतः बाळंतपणानंतर, त्यांना या काळात अधिक जपावे लागते.

येथे थोडे विषयांतर करतो. हा अंक हाती घेतलेल्या वाचकांत सासूबाईंची किंवा आईची शुश्रूषा करणाऱ्या अनेक जणी असतील. घरातील आजारी माणूस ७५ वर्षांचे असते, तेव्हा त्याची सेवा करणारी सून किंवा लेक बहुधा ४५ ते ५२ च्या दरम्यान असते. संप्रेरकांच्या खळबळीचा टप्पा या घरात कुणाचा चालू आहे? सेवा करणारीचा! पण घरातले सर्व लक्ष खाटेवरच्या माणसाकडे लागलेले असते आणि तिच्या रडण्याला "थकली असेल" एवढेच उत्तर मिळते. ताई, हा परिच्छेद तुमच्यासाठी आहे. तपासणी तुमचीही व्हायला हवी.

याच टप्प्यात संप्रेरकांच्या उपचाराचा मनाला उपयोग होऊ शकतो, असे पुरावे आहेत. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाळी जाण्याच्या सुमारास असलेल्या १७२ स्त्रियांपैकी निम्म्यांना वर्षभर इस्ट्रोजेनच्या चिकटपट्ट्या दिल्या आणि उरलेल्यांना औषध नसलेल्या, दिसायला तशाच पट्ट्या दिल्या. नैराश्याची लक्षणे पहिल्या गटात सुमारे १७ टक्के आणि दुसऱ्या गटात सुमारे ३२ टक्के जणींमध्ये दिसली. मात्र पाळी जाऊन अनेक वर्षे लोटलेल्या स्त्रियांवर असाच प्रयोग झाला तेव्हा हा फायदा दिसला नाही. सत्तरीतल्या आजीची उदासी वीस-पंचवीस वर्षांपूर्वी ओसरलेल्या इस्ट्रोजेनच्या माथी मारणे म्हणूनच योग्य नाही. शिवाय २००२ साली सोळा हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांवरील संयुक्त संप्रेरक-उपचाराचा प्रयोग मध्येच थांबवावा लागला होता, कारण स्तनाचा कर्करोग, पक्षाघात आणि रक्ताच्या गुठळ्या यांचे प्रमाण वाढलेले आढळले. त्यानंतरच्या अभ्यासांतून असे दिसले की साठीच्या आत, पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या मुदतीत आणि तपासणी करून सुरू केलेल्या उपचारात हा धोका कमी असतो. मन उदास आहे एवढ्याच कारणासाठी साठीनंतर या गोळ्या सुरू करण्याचा सल्ला जाणकार डॉक्टर देत नाहीत.

अपवाद एका लहानशा पण महत्त्वाच्या तक्रारीचा. पाळी गेल्यावर योनीमार्ग कोरडा पडतो, लघवीला जळजळ होते, पतीजवळ जाणे वेदनेचे होते. मग नवरा-बायकोत अबोला येतो आणि कारण कुणीच उच्चारत नाही. यावर जागेवर लावायचे इस्ट्रोजेनचे मलम असते. ते रक्तात फारच अल्प उतरते आणि उतारवयातही डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येते. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र आधी त्या डॉक्टरांना विचारावे. साठीनंतर या गोष्टी बोलायच्या नसतात, हा संकोच अनाठायी आहे.

आता 'पिशवीच्या ऑपरेशन'कडे वळू, कारण महाराष्ट्रात या विषयाची सर्वांत दुखरी बाजू तीच आहे. गळिताच्या हंगामात जुन्नरच्या विघ्नहर कारखान्यासाठी ऊस तोडायला टोळ्या येतात. असे तोडणीचे काम करणाऱ्या बीड जिल्ह्यातील स्त्रियांची २०१९ मध्ये शासनाने पाहणी केली, तेव्हा ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या कितीतरी जणी ऐन तारुण्यात होत्या. गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयेही काढली, तर इस्ट्रोजेन हळूहळू न ओसरता एका दिवसात तुटते. अशा स्त्रियांमध्ये पुढे नैराश्य आणि अस्वस्थता अधिक आढळते, असे दीर्घकालीन अभ्यासांनी दाखवले आहे; हाडेही लवकर ठिसूळ होतात. अंडाशये ठेवली असली तरी ती काहीशी लवकर थकतात. हा प्रश्न तोडणीच्या टोळ्यांपुरता नाही. गावातल्या बागायती घरांतही "पस्तिशीत पिशवी काढली" असे सांगणाऱ्या बायका भेटतात. आपल्या आईचे किंवा पत्नीचे हे ऑपरेशन झाले असेल, तर जुने डिस्चार्ज कार्ड शोधा आणि अंडाशये ठेवली की काढली, हे डॉक्टरांकडून वाचून घ्या. पंचेचाळिशीच्या आत दोन्ही काढली असतील आणि अन्य अडचण नसेल, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत संप्रेरके देण्याची पद्धत आहे. अनेकींना हे कधी कुणी सांगितलेलेच नसते.

पुरुषांची कथा निराळी. त्यांच्यात पाळी जाण्यासारखा एकच ठळक टप्पा नसतो. टेस्टोस्टेरॉन तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्क्याने उतरते, मळ्यातल्या विहिरीची पातळी उन्हाळ्यात उतरावी तसे. लक्षणे आणि रक्तातील कमतरता दोन्ही एकत्र असलेले पुरुष किती, हे युरोपातील मोठ्या पाहणीत मोजले गेले. ४० ते ७९ वयोगटात ते प्रमाण जेमतेम दोन टक्के निघाले. म्हणजे पारावर बसलेल्या पन्नास जणांत एखादा. उरलेल्यांच्या निरुत्साहाची कारणे बहुधा अन्यत्र असतात : वाढलेला पोटाचा घेर, मधुमेह, घोरताना श्वास अडकण्याचा विकार, दारू, सांधेदुखीसाठी घेतलेली स्टेरॉइडची औषधे. ही कारणे टेस्टोस्टेरॉनही खाली आणतात आणि मनही.

मग टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतली तर? २०१६ साली अमेरिकेत ६५ वर्षांवरील, हे संप्रेरक खरोखर कमी असलेल्या ७९० पुरुषांवर वर्षभर प्रयोग झाला. कामेच्छा काहीशी सुधारली. मनःस्थितीत फरक पडला, पण अगदी थोडा. पुढे २०२३ मध्ये हृदयविकाराचा धोका असलेल्या पाच हजारांवर पुरुषांच्या अभ्यासात हृदयाचे झटके वाढले नाहीत, तरी हृदयाचे ठोके अनियमित होणे आणि फुप्फुसात गुठळी अडकणे हे प्रकार मात्र अधिक दिसले. रक्त घट्ट होणे हाही या औषधाचा परिचित दोष आहे. तपासणी करायचीच झाली तर सकाळी सात ते दहाच्या दरम्यान, उपाशीपोटी आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा करावी लागते. दुपारी जेवून दिलेल्या एका नमुन्यावरून निदान होत नाही. तेवढ्या आकड्यावर महागडी डबी हाती ठेवणाऱ्यांपासून दूर राहावे, हे मी निःसंकोचपणे सांगतो.

पुरुषांमध्ये एक प्रसंग मात्र असा आहे, की जिथे संप्रेरके आणि उदासी यांचे नाते उघड दिसते. प्रोस्टेटच्या कर्करोगात टेस्टोस्टेरॉन मुद्दाम बंद केले जाते, इंजेक्शनने किंवा वृषणे काढून. जीव वाचवणारा हा उपचार आहे, तो सोडायचा नाही. परंतु अमेरिकेत ७८ हजारांहून अधिक वृद्ध रुग्णांच्या नोंदी तपासल्या असता, हा उपचार घेणाऱ्यांत नैराश्याचे प्रमाण न घेणाऱ्यांपेक्षा २३ टक्क्यांनी जास्त आढळले. बाबांचे इंजेक्शन सुरू झाल्यावर ते गप्प झाले, अंगातून वाफा येतात, टीव्हीसमोर नुसते बसून राहतात, असे दिसले तर कर्करोगाच्या डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. बाबा स्वतः सांगणार नाहीत.

आपल्याकडची वडीलधारी माणसे "मी उदास आहे" असे म्हणत नाहीत. आजी म्हणते, अंग मोडून येतं, छातीत धडधडतं, जेवण गोड लागत नाही. आजोबा काहीच म्हणत नाहीत, चिडतात. मुंबईत तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून गावी परतलेल्या माणसाला ना तिथली घाई उरते, ना इथल्या शेतीत हुकूम चालतो; त्याची चिडचिड पुष्कळदा याच आजाराची असते. म्हणून दोन प्रश्न लक्षात ठेवा. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन खिन्न होते का? आणि आवडीच्या गोष्टींत रस वाटेनासा झाला आहे का? एकाचेही उत्तर "हो" आले तर डॉक्टरांकडे जावे. तिथे हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर आणि जीवनसत्त्व बी-१२ पाहून घ्यावे. तुकोबांचे गुरू मानलेल्या बाबाजी चैतन्यांची समाधी ज्या ओतूरला आहे, त्या पंचक्रोशीत माळकरी, शाकाहारी घरे पुष्कळ. अशा आहारात बी-१२ कमी पडते आणि विसराळूपणा, मुंग्या, मरगळ सुरू होते. माळ मोडावी लागत नाही. गोळी किंवा इंजेक्शन पुरते.

नैराश्याच्या गोळ्या उतारवयातही गुण देतात, पण चार ते सहा आठवडे धीर धरावा लागतो. सुरुवातीच्या काळात रक्तातील सोडियम उतरून माणूस गुंगल्यासारखे किंवा भ्रमिष्टासारखे वागू लागले तर लगेच डॉक्टरांना कळवावे. मनाने गोळी बंद करू नये.

गोळीवाचूनही काही साधते, याचा दाखला शेजारच्या गोव्याचा आहे. तिथे साठीवरील, उदासीची सौम्य लक्षणे असलेल्या १८१ व्यक्तींपैकी काहींशी प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी नियमित संवाद साधला. अडचण सुटी करून एकेक पाऊल कसे टाकावे, झोपेची वेळ कशी लावावी, मधुमेह नि सांधेदुखी कशी सांभाळावी, सरकारी साहाय्य कुठे मिळेल, असे त्या संवादाचे रोजच्या जगण्यातले विषय होते. वर्षअखेरीस तीव्र नैराश्य या गटात सुमारे साडेचार टक्क्यांना, तर नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात चौदा टक्क्यांहून अधिक जणांना झाले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ना मानसोपचारतज्ज्ञ होते, ना संप्रेरके. रोज सकाळी अर्धा तास चालणेही असेच गुणकारी. फक्त आपला मुलूख बिबट्याचा आहे, तेव्हा उजाडल्यावर आणि सोबतीने.

तज्ज्ञाशी बोलायचे असेल तर 'टेली मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीत बोलता येते. ज्येष्ठांच्या इतर अडचणींसाठी १४५६७ हा क्रमांक आहे. आणि घरातले माणूस "आता जगून काय करायचं" असे म्हणू लागले, तर ते वयाचे बोलणे समजू नका. मरणाचे विचार येतात का, हे जवळ बसून सरळ विचारा. विचारल्याने ते विचार बळावत नाहीत. कांद्या-टोमॅटोवर फवारायच्या औषधांचे डबे त्याच दिवशी पडवीतून उचलून कुलपात ठेवा, किल्ली स्वतःजवळ ठेवा आणि डॉक्टरांकडे जाईपर्यंत त्या माणसाला एकटे सोडू नका.