जुना जालना आणि चहाला बसायची जागा

हॉलंडमधल्या डेल्फ्टसारख्या जुन्या शहरांची छायाचित्रे हल्ली घरोघरी मोबाईलवर येतात. कालवा, काठावरच्या विटांच्या इमारती, रस्त्याकडेला मांडलेली कॅफेची टेबले आणि तिथे निवांत बसलेल्या म्हाताऱ्या बायका. आमच्या दादींना ते फोटो फार आवडतात. तिकडे जाणे नशिबात असेल तेव्हा होईल, निदान आपले जुने शहर तरी सगळ्यांनी मिळून पाहू, असे घरात ठरले. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण सर्वांना पाठ असते. पाळण्यात काय आहे ते पाहायला मात्र कोणी फिरत नाही.

कुंडलिका नदीच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला कादराबाद. एका श्रीमंत मुसलमान जुलाह्यावरून, म्हणजे विणकरावरून, गावाला हे नाव पडले अशी आख्यायिका आहे. अकबराच्या काळात अबुल फजलचा काही दिवस इथे मुक्काम होता, अशी गॅझेटियरमध्ये नोंद आहे.

सुरुवात काळ्या मशिदीपासून करावी. मशीद, हमाम आणि सराय ही सगळी जमशेदखानाची बांधकामे. मुलांना आम्ही त्यामागचा विचार समजावून सांगितला: दूरच्या वाटेने थकून आलेल्या माणसाला आधी न्हायला गरम पाणी हवे, मग नमाज, मग पाठ टेकायला जागा. त्या काळी वाटा लांबच्याच होत्या. १६१७ मध्ये पीटर व्हान डेन ब्रुक हा डच व्यापारी सुरतेहून मछलीपट्टणमला खुष्कीच्या मार्गाने निघाला आणि वाटेत मलिक अंबरला भेटला, तो याच दख्खनमधून गेला.

गावाच्या पश्चिमेचा मोती तलावही जमशेदखानाचाच. तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळांतून गावातल्या हौदांपर्यंत आणले होते. आम्हांला सर्वांत जास्त थांबवले ते याने. २०१२-१३ च्या दुष्काळात आपण टँकरच्या रांगेत घागरी घेऊन उभे होतो आणि आता पैठणच्या जायकवाडीचे पाणी मोठ्या जलवाहिनीने इथवर आणावे लागते. पंपाशिवाय, नुसत्या उताराने पाणी कसे येत असेल, हे धाकटीने चार वेळा विचारले. शेवटी रस्त्यावर बाटलीतले पाणी सांडून उतार दाखवावा लागला!

मस्तगड त्या मानाने अलीकडचा, १७२५ चा. निजाम आसफजाहच्या हुकमाने काबिलखानाने तो बांधला. फारसी शिलालेख आणि दालने असलेली मोठी विहीर ही त्याची खास ओळख.

एवढे फिरून दादींचे गुडघे बोलू लागले. आता चहा हवा होता. हॉटेले पुष्कळ, चहाही कडक आणि चांगला, पण बाकावर सगळे पुरुष. एका हॉटेलात ‘फॅमिली रूम’ अशी पाटी दिसली म्हणून आत गेलो, तर पडद्यामागे साखरेची पोती आणि गॅसच्या टाक्या. पोऱ्या म्हणाला, “बायका कुठं येतात इथं? पार्सल घेऊन जा.” अम्मींनी पदर सावरला आणि बाहेर आल्या. शेवटी मोसंबीच्या रसाच्या गाडीपाशी थांबलो. गाडीवाल्याने स्वतःचे स्टूल दादींपुढे सरकवले आणि बाकीच्यांनी उभ्यानेच रस घेतला. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, ते उगाच नाही.

कॉफी पिण्याची रीत येमेनमधून पसरली. इस्तंबूलमध्ये १५५० च्या दशकात कहवाखाने उघडले, युरोपात ते त्यानंतर शंभरेक वर्षांनी पोहोचले. तिथेही ही बैठक आधी पुरुषांचीच होती. आज डेल्फ्टमधली आजी कालव्याकाठी एकटी बसून कॉफी पिते; आमच्या दादी ऐंशी वर्षे या जिल्ह्यात राहून एकाही हॉटेलात चहा प्यायलेल्या नाहीत. हॉटेलवाल्यांना खर्च तरी किती? एक खोली झाडून पुसून रिकामी ठेवायची, चार खुर्च्या मांडायच्या. बायका येत नाहीत म्हणून जागा नाही आणि जागा नाही म्हणून बायका येत नाहीत.

वाचकांपैकी कोणी सहकुटुंब निघणार असेल तर सकाळी लवकर निघावे, उन्हाच्या आत मशीद आणि गड पाहून घ्यावेत आणि मोती बागेत पोहोचावे. तिथे बसायला बाकडी आहेत. चहाचा थर्मास घरूनच न्यावा. आम्हीही पुढच्या वेळी तेच करणार आहोत. दादींनी सोबत नानकटाईचा डबाही घ्यायला सांगितला आहे.