तोफा दिसतात, जमाखर्च दिसत नाही

दूरचित्रवाणीवर युद्धनौकांच्या इतिहासाची एखादी माहितीपट-मालिका लागली, की समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या जानेफळसारख्या गावीही ती आवडीने पाहिली जाते. शिडांची जहाजे, वाफेची जहाजे, पोलादी जहाजे असा क्रम लागतो. तोफा धडाडतात, जहाजे बुडतात आणि भाग संपतो. अशा मालिकांमागील परिश्रमांविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु जहाज पाण्यावर उतरण्यापूर्वी त्याचा खर्च कोणीतरी सोसलेला असतो, ही गोष्ट त्यांत क्वचितच सांगितली जाते. वस्तुतः युद्धनौकेचा अर्धा इतिहास जमाखर्चाच्या वहीत असतो.

१९०६ साली ब्रिटनने ‘ड्रेडनॉट’ ही युद्धनौका आरमारात दाखल केली. तिच्या तोफांचे वर्णन आपण ऐकतो. मात्र तिच्यामुळे ब्रिटनच्या स्वतःच्याही जुन्या युद्धनौका एकाएकी कालबाह्य ठरल्या आणि जर्मनीशी खर्चाची नवी चढाओढ लागली. १९०९ च्या अंदाजपत्रकात लॉइड जॉर्ज यांना नव्या नौका आणि वृद्धांचे निवृत्तिवेतन या दोहोंसाठी श्रीमंतांवर व जमिनीवर कर सुचवावे लागले. उमरावांच्या सभागृहाने ते अंदाजपत्रक फेटाळले आणि १९११ मध्ये त्या सभागृहाचेच अधिकार कमी झाले. जहाजाच्या गोदीतून निघालेला धागा असा थेट राज्यघटनेपर्यंत पोहोचतो.

हा विचार आपल्याला परका नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराला स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजांना लाकूड हवे, हे ते मान्य करतात. परंतु रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली आंब्या-फणसाची झाडे बळाने तोडू नयेत आणि एखादे जीर्ण झाड घ्यायचेच तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन घ्यावे, असे बजावतात. संरक्षणाची गरज आणि प्रजेचा संसार यांचा हिशेब एकाच वहीत मांडणारी ही दृष्टी आजही आधुनिक वाटते.

वही मिटून ठेवली की काय होते, याचाही दाखला आहे. १७५६ मध्ये तुळाजी आंग्रे यांचा बंदोबस्त करण्यासाठी पेशव्यांनी इंग्रजांचे साहाय्य घेतले आणि विजयदुर्गाच्या बंदरात मराठी आरमार जळाले. गलबतांबरोबर तेथे अनेक वर्षांचे भांडवल आणि कारागिरी राख झाली. उलट मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागीर इंग्रजांसाठी सागवानी युद्धनौका बांधीत होते. १८१७ साली तेथे बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आजही जतन केलेली आहे. लाकूड आपले, हात आपले. सत्ता मात्र दुसऱ्याची!

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नवी ‘विक्रांत’ नौदलात दाखल झाली. तिचा खर्च सुमारे २०,००० कोटी रुपये. तिचे पोलाद भिलाई, राउरकेला, बोकारो अशा सागरापासून दूरच्या कारखान्यांतून आले, आणि पैसा आला करदात्यांकडून. प्राप्तिकर न भरणारा शेतमजूरही साबणाच्या वडीवर कर भरतो; म्हणजे या नौकेत त्याचाही वाटा आहे. याचा अर्थ नौका बांधू नयेत, असा नव्हे. साडेसात हजार किलोमीटरांहून अधिक किनारा लाभलेल्या देशाला आरमार हवेच. परंतु ज्याचा वाटा आहे त्याला हिशेब समजला पाहिजे, आणि तोच पैसा शाळेला किंवा पाटबंधाऱ्याला मिळाला असता तर काय झाले असते, हा प्रश्न विचारणे देशद्रोह मानला जाऊ नये.

म्हणून आपल्या वाहिन्यांनी मराठी आरमारावर अशी मालिका काढावी, की जिच्यात तोफांबरोबर सुतार, लोहार, सागवान आणि महसूलही दिसतील. तोवर शिक्षकांनी विद्यार्थ्यांना एवढे तरी शिकवावे: पडद्यावर जहाज दिसले, की त्याने किती नौका बुडविल्या हे जरूर मोजावे, पण ते कोणाच्या पैशाने तरंगले, हेही विचारावे.