चुनखडीचं सोंग घेतलेला डोंगर

दख्खनवर वाढलेल्या माणसाला लाव्हाचा खडक म्हटलं की काळा कातळच आठवतो. गडाचे तट, लेणी, घाटातल्या पायऱ्या, घरातला पाटा-वरवंटा, सगळा बेसॉल्टचा कारभार. पण नंदुरबारच्या सातपुड्यासमोर, नर्मदेच्या पल्याड, गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात अंबाडुंगर आहे. तिथला बराचसा खडक पांढरा-करडा, मधूनच तांबूस. आम्लाचा थेंब टाकला की चुनखडीसारखाच फसफसतो. आणि तरीही तो वितळलेल्या शिलारसातून जन्मलेला आहे.

फसायला पुरेपूर जागा होती. याच परिसरात बाघचे थर आहेत, म्हणजे जुन्या समुद्राने साठवलेला वालुकाश्म आणि खरीखुरी चुनखडी. आर. एन. सुखेश्वाला आणि जी. आर. उदास यांनी 1963 साली हा खडक कार्बोनेटाइट असल्याचं जाहीर केलं. निम्म्याहून अधिक कार्बोनेट खनिजं असलेल्या अग्निज खडकाला हे नाव आहे. खऱ्या चुनखडीत सहसा न सापडणारं पायरोक्लोर, नायोबियमचं खनिज, इथे आहे; स्ट्रॉन्शियम, बेरियम आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्यंही भरपूर.

चुनखडी तापवली की ती वितळत नाही, वायू सोडून देते आणि मागे चुना उरतो, हे कुठल्याही चुनाभट्टीवाल्याला ठाऊक. मग कार्बोनेटचा शिलारस होणार कसा? नॉर्वेतल्या फेन इथल्या खडकांवरून ब्रॉगर यांनी 1921 साली असा रस असतो असं मांडलं, तेव्हा आक्षेप नेमका हाच होता. पुढे 1960 च्या सुमारास वायली आणि टटल यांनी प्रयोगशाळेत दाखवून दिलं की दाबाखाली, पाण्याच्या सोबतीने चुनखडीतला कॅल्साइट सातशे अंशांच्याही खाली वितळू लागतो. त्याच सुमारास टांझानियातल्या ओल्दोन्यो लेंगाई ज्वालामुखीतून सोडियम कार्बोनेटचा पातळ, काळा लाव्हा वाहताना डॉसन यांनी पाहिला. तापमान पाच-सहाशे अंश, म्हणजे बेसॉल्टच्या लाव्हाच्या साधारण निम्मं. हवेतली ओल लागली की तो पांढरा पडतो. वाद तिथेच बराचसा निवला.

कार्बोनेटाइट सहसा एकटा येत नाही. सोबत अल्कली खडकांचं गणगोत असतं. अंबाडुंगरला नेफेलिनाइट आणि फोनोलाइट आहेत. या खडकांत सोडियम-पोटॅशियम भरपूर आणि त्या मानाने सिलिका तोकडी. सगळ्या सोडियमला फेल्डस्पार व्हायला सिलिका पुरत नाही, म्हणून काहींना नेफेलिनवर भागवावं लागतं. त्यामुळे नेफेलिन आणि गार, म्हणजे मोकळी सिलिका, यांचा छत्तीसचा आकडा. एका खडकात दोघं सुखाने नांदत नाहीत.

असा रस येतो कुठून? बर्फाचा गोळा चोखताना आधी सरबत तोंडात येतं, बर्फ मागे राहतो. पृथ्वीच्या प्रावरणाचा अगदी थोडा अंश वितळला तर त्यात अल्कली आणि कार्बन डायऑक्साइड असंच आधी ओढून घेतले जातात. जास्त वितळलं की मिश्रण पांचट होतं आणि आपला नेहमीचा बेसॉल्ट तयार होतो. पुढे वर येताना रश्श्यावर तवंग सुटावा तसा कार्बोनेटचा रस सिलिकेटपासून वेगळा होऊ शकतो. नर्मदेच्या पट्ट्यातल्या खोल भेगा त्याला वाट द्यायला होत्याच.

अंबाडुंगरला हा रस सुमारे दीड किलोमीटर व्यासाच्या वलयासारखा उभा गोठला. त्याने भोवतीच्या वालुकाश्मालाही सोडलं नाही. अल्कलीयुक्त द्रवांनी त्यातली गार खाऊन नवी फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन घडवली. अशा बदललेल्या खडकाला फेनाइट म्हणतात. नाव अर्थातच नॉर्वेतल्या फेनवरून. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी 1999 साली आर्गॉन पद्धतीने वय काढलं ते साडेसहा कोटी वर्षं, दख्खनच्या लाव्हाच्या जवळचंच.

शेवटी गरम पाणी आलं आणि भेगांत जांभळं, निळसर, कधी बिनरंगी फ्लोराइट भरून गेलं. तो साठा सुमारे 1 कोटी 16 लाख टन खनिजाचा, सरासरी 30 टक्के फ्लोराइट असलेला, असा अंदाजला गेला. जवळच्या कडीपाणीला ते शुद्ध करण्याचा कारखाना उभा राहिला. पोलादाच्या भट्टीत मळी पातळ करायला आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल बनवायला हे खनिज लागतं. आता नजर आहे ती त्याच डोंगरातल्या बास्टनेसाइटवर, ज्यातून चुंबकांसाठी लागणारं निओडिमियम मिळतं.