दहा विद्यार्थी म्हणजे एक

संपादकांना हवा होता एका भित्तिचित्रावरचा लेख. दिएगो रिव्हेरानं 1940 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ट्रेझर आयलंडवर, प्रदर्शन बघायला आलेल्या गर्दीच्या डोळ्यांदेखत रंगवलेलं ‘पॅन अमेरिकन युनिटी’. उंची 22 फूट, लांबी 74 फूट. मधोमध एक अजस्र आकृती आहे, अर्धी मेक्सिकोची प्राचीन देवी कोआत्लिक्वे आणि अर्धी कारखान्यातलं ठोकयंत्र. प्रदर्शन उठलं तसे चित्राचे दहा भाग पेट्यांत बंद झाले आणि 1961 मध्ये सिटी कॉलेज ऑफ सॅन फ्रान्सिस्कोच्या नाट्यगृहात लागले. मोठमोठ्या संग्रहालयांनी हेवा करावा असं हे चित्र ज्या कॉलेजकडे आलं, तिथं लोक हॉटेलचा स्वयंपाक करायला, परिचारिका व्हायला आणि इंग्रजी बोलायला शिकतात. चित्राच्या देखभालीचा निर्णय कोण घेतं, हे शोधताना मी कॉलेजच्या विश्वस्त मंडळाच्या सभांचे कागद वाचू लागले आणि तिथंच अडकले. त्या कागदांत एक आकडा सारखा येत होता. हा लेख त्या आकड्याबद्दल आहे.

आधी थोडी ओळख. सिटी कॉलेज 1935 चं. सुरुवातीला स्वतःची इमारत नव्हती. शहरभर विखुरलेल्या 22 जागी वर्ग भरत आणि विद्यार्थी ट्रॅमनं एका वर्गातून दुसऱ्या वर्गाला जात. 1940 मध्ये बाल्बोआ पार्कजवळच्या टेकडीवर विज्ञानाची इमारत उभी राहिली. तिचा वास्तुरचनाकार टिमथी फ्लूगर. रिव्हेराला प्रदर्शनासाठी बोलावून आणणाराही तोच. 1970 मध्ये कॉलेज शाळांच्या कारभारातून वेगळं झालं आणि त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. ‘जिल्हा’ म्हणजे इथं महसुली जिल्हा नव्हे. ठरावीक हद्दीत सार्वजनिक कॉलेज चालवणारी, कर लावण्यासाठी मतदारांकडे जाऊ शकणारी ती एक स्वतंत्र स्थानिक संस्था असते. कॅलिफोर्नियात असे 73 जिल्हे आणि 116 कॉलेजं आहेत. बे एरियात राहणाऱ्या मराठी घरांना ती नावानं ठाऊक असतात. फ्रीमाँटचं ओलोनी, कूपर्टिनोचं डी अँझा. नवऱ्याच्या व्हिसावर गेलेल्या कितीतरी मुलींनी तिथल्या जगण्याचा पहिला धागा अशाच एखाद्या वर्गात पकडला आहे.

आपल्याकडे कॉलेज म्हटलं की संस्थाचालक आले. अध्यक्ष, चिटणीस, त्यांची घराणी, कधी एखादा आमदार. सभेत काय ठरलं ते प्राध्यापकांना पगारपत्रकावरून कळतं आणि गावाला कळतच नाही. सॅन फ्रान्सिस्कोत सात विश्वस्त असतात. शहरातले मतदार त्यांना नगरपालिकेसारखे मतं देऊन चार वर्षांसाठी निवडतात. आठवा प्रतिनिधी विद्यार्थ्यांचा. त्याचं मत सल्ल्यापुरतं मोजलं जातं, पण नोंदवलं जातं. सभेची कार्यक्रमपत्रिका 72 तास आधी लावावी लागते. पत्रिकेत नसलेल्या विषयावर निर्णय घेता येत नाही. सातांपैकी चौघांनी चहाला बसून कॉलेजचा एखादा प्रश्न आपसात मिटवला, तर तो कायदेभंग होतो. या कायद्याला ब्राउन ॲक्ट म्हणतात. 1952 मध्ये सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकलनं स्थानिक संस्थांच्या गुप्त बैठकांवर लेखमाला छापली आणि त्यातून 1953 मध्ये हा कायदा झाला. वर्तमानपत्राच्या लेखमालेतून इतका टिकाऊ कायदा निघाला, ही गोष्ट या धंद्यातल्या माणसाला सुखावणारी आहे.

सभेत कोणीही बोलू शकतं. विद्यार्थी, शिपाई, प्राध्यापक, वर्ग बंद होणार म्हणून धास्तावलेली एखादी म्हातारी. ठरलेला वेळ संपला की पुढच्याची पाळी. विश्वस्तांनी उत्तर द्यायलाच हवं असं नाही, पण ऐकून घ्यावं लागतं. वर 1988 च्या राज्य कायद्यानं अभ्यासक्रम, श्रेणी, पदवीच्या अटी अशा शैक्षणिक बाबींत प्राध्यापकांच्या सिनेटचं म्हणणं विचारात घेणं बंधनकारक केलं. लोकशाहीचं एवढं जाळं मी दुसऱ्या कुठल्या कॉलेजात पाहिलेलं नाही.

आणि इतकं सगळं बोलून झाल्यावर निर्णय ज्याच्यावर अडतो तो आकडा म्हणजे 525.

एका पूर्णवेळ विद्यार्थ्यानं आठवड्याला 15 तास, वर्षाचे 35 आठवडे वर्गात बसायचं, असा तो हिशेब: 15 गुणिले 35, म्हणजे 525 तास. राज्याचं बरंचसं अनुदान माणसांवर मिळत नाही. तासांची बेरीज करून 525 नं भागायचं आणि येतील तितके ‘पूर्णवेळ विद्यार्थी’ धरायचे. आठवड्याला तीन तासांचा विषय साडेसतरा आठवड्यांच्या सत्रात घेतला तर साडेबावन्न तास होतात. अशी दहा मुलं बसली की सरकारदरबारी एक विद्यार्थी तयार होतो.

पदवीच्या वर्गांत ही मोजणी प्रत्यक्षात एकाच दिवशी होते. सत्राचा साधारण पाचवा भाग उलटला की मोजणीचा दिवस येतो. त्याआधी प्रत्येक शिक्षकानं आपली यादी उघडून, न येणाऱ्यांची नावं काढून टाकायची असतात. त्या दिवशी यादीत असलेला मुलगा पुढच्या आठवड्यात नोकरीपायी कॉलेज सोडून गेला तरी त्याचे तास पूर्ण धरले जातात. आदल्या दिवशी गळाला तर शून्य. आपल्याकडच्या शिक्षकाला हा ताण समजावून सांगायला नको. संचमान्यता, तुकडी टिकणार की जाणार, 2011 ची पटपडताळणी, हे सगळं त्यानं भोगलेलं आहे. दोन मुलं कमी पडली म्हणून अतिरिक्त ठरलेल्या शिक्षकाची रात्र सॅन फ्रान्सिस्कोतही तशीच असणार.

श्रेयांक नसलेल्या वर्गांचा हिशेब मात्र वेगळा आहे, आणि मला सगळ्यात जास्त तोच भिडला. हे वर्ग नेहमीच फुकट होते: इंग्रजी, नागरिकत्वाच्या परीक्षेची तयारी, शालान्त शिक्षण, ज्येष्ठांसाठीचे अभ्यासक्रम. इथं मोजणीचा एक दिवस नसतो. समोरासमोरच्या वर्गात ज्या तासाला माणूस खुर्चीवर हजर, तोच तास धरायचा. चायनाटाउनमधल्या चौदा मजली केंद्रात इंग्रजीचा एखादा वर्ग डोळ्यांसमोर आणा. तीस माणसं, रोज दोन तास. डॉक्टरला दुखणं कसं सांगायचं, घरमालकाला गळक्या नळाबद्दल चिठ्ठी कशी लिहायची, मुलाच्या शाळेतून आलेला फॉर्म कसा भरायचा. दिवसाचे साठ तास झाले. तीसही जण रोज न चुकता आले तर नवव्या दिवशी 525 चा टप्पा ओलांडतो आणि एक विद्यार्थी पुरा होतो. पण उपाहारगृहात भांडी घासणाऱ्या माणसाची पाळी बदलते. आजीबाईंना नातवंडाला दवाखान्यात न्यावं लागतं. पावसाळी सकाळी पाच जण कमी येतात. त्या प्रत्येक रिकाम्या खुर्चीचे दोन तास कॉलेजच्या हिशेबातून जातात. पदवीच्या वर्गातल्या तरुणाला मोजणीनंतरची गैरहजेरी माफ, आणि साठीच्या बाईला एक दिवसही नाही. मला हे अन्यायाचं वाटतं. ज्यांचं आयुष्य सर्वांत अस्थिर, त्यांच्याकडून सर्वांत काटेकोर हजेरी मागितली जाते.

या आकड्याच्या मागे पैशाची तंगी आहे. 1978 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रस्ताव 13 मंजूर करून मालमत्ताकर बांधून टाकला. तोवर स्थानिक कॉलेजं स्थानिक करावर चालत. त्यानंतर तिजोरीची किल्ली राज्याच्या राजधानीला, सॅक्रामेंटोला गेली. 1960 च्या राज्य आराखड्यात फुकट शिक्षणाचं वचन होतं. ते 1984 मध्ये मोडलं आणि फी सुरू झाली. 2012 च्या उन्हाळ्यापासून ती एका श्रेयांकाला 46 डॉलर आहे. शिकवण्याची फी राज्य ठरवतं, अनुदानाचं सूत्र राज्य ठरवतं आणि शिव्या सात विश्वस्त खातात.

मग 2012 आलं. आपल्याकडे नॅक आहे तसा तिथं मूल्यांकन करणारा आयोग आहे. फरक एवढाच की त्याची मान्यता गेली तर विद्यार्थ्यांची केंद्रीय मदत थांबते आणि कॉलेज बुडतं. जुलै 2012 मध्ये आयोगानं सिटी कॉलेजला जाब विचारला: गंगाजळी तोकडी, प्रशासक कमी, समित्या फार, निर्णय कोण घेतं ते कळत नाही. शिकवण्याच्या दर्जाबद्दल तक्रार नव्हती. त्या नोव्हेंबरात शहरानं सुमारे 73 टक्के मतांनी स्वतःवर दर मालमत्तेमागे वर्षाला 79 डॉलरचा कर लावून घेतला, कॉलेज वाचावं म्हणून. तरीही जुलै 2013 मध्ये आयोगानं वर्षभरानंतर मान्यता काढून घेण्याचं जाहीर केलं. राज्यानं निवडून आलेल्या मंडळाचे अधिकार काढून एका विशेष विश्वस्ताच्या हाती दिले. 2014 च्या नोव्हेंबरात विश्वस्तांची निवडणूक झाली तेव्हाही ते अधिकार पूर्णपणे परत मिळालेले नव्हते. तरी उमेदवार उभे राहिले आणि लोकांनी मतं दिली.

शहराचा सरकारी वकील डेनिस हेरेरा कोर्टात गेला. जानेवारी 2014 मध्ये न्यायाधीश कर्टिस कारनो यांनी आयोगाचा निर्णय थोपवला आणि वर्षभरानं आयोगानंच कायदा मोडल्याचा निकाल दिला. तपासणीच्या पथकात आयोगाच्या अध्यक्षांचे पतीही होते, हा मुद्दाही त्या काळात गाजला. 2015 मध्ये मंडळाला अधिकार परत मिळाले आणि जानेवारी 2017 मध्ये सात वर्षांची मान्यता. कॉलेज जिंकलं. पण बंद पडणार अशी हाकाटी झालेल्या कॉलेजात कोण नाव घालतं? विद्यार्थी नव्वद हजारांच्या घरात होते. पाच वर्षांत त्यातला सुमारे एक तृतीयांश गेला आणि 525 च्या गणिताला कोर्टाचा निकाल कळत नाही.

मधे एक मोठं काम झालं. 2016 मध्ये शहरानं पन्नास लाख डॉलर आणि त्यावरच्या मालमत्तांच्या खरेदी-विक्रीवर जादा कर बसवला. त्या बळावर 2017 च्या शरद सत्रापासून ‘फ्री सिटी’ सुरू झालं. शहरात राहणाऱ्यांना, उत्पन्न न विचारता, शिकवण्याची फी माफ. 1960 च्या वचनाचा एक तुकडा एका शहरानं स्वतःच्या खिशातून परत केला. याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पण त्यानंतरची वर्षं बघितली की काळजी वाटते. राज्यानं 2018-19 पासून सूत्र बदललं. श्रेयांकाच्या वर्गांचं बरंचसं अनुदान अजून तासांवर आहे, पण काही भाग गरीब विद्यार्थ्यांच्या संख्येवर आणि काही पदव्या, प्रमाणपत्रं, पुढच्या विद्यापीठात गेलेली मुलं यांच्यावर. सॅन फ्रान्सिस्कोत लोक पदवीसाठीही येतात, पण कित्येक जण एकच विषय शिकायला येतात आणि तो शिकून कामाला लागतात. त्यांचं यश या सूत्रात कुठं मांडायचं? ज्या जिल्ह्यांना नव्या सूत्रानं कमी पैसे मिळाले असते, त्यांना राज्यानं जुन्या रकमेचा आधार दिला आणि सिटी कॉलेज त्या आधारावर जगलं. 2025-26 पासून तो आधार गोठला. महागाईबरोबर तो वाढत नाही. पगार, विमा, वीज यांचे आकडे मात्र चढतच राहतात.

कपातीचा हंगामही कायद्यानं ठरलेला आहे. पुढच्या वर्षी कायम शिक्षकाला कमी करायचं असेल तर 15 मार्चच्या आत प्राथमिक नोटीस आणि 15 मेच्या आत अंतिम. त्यामुळे दर वसंतात सभांना गर्दी होते. 2021 मध्ये नोकऱ्या वाचवायला शिक्षकांनी पगारकपात स्वीकारली. मे 2022 मध्ये मंडळानं तरीही 38 पूर्णवेळ प्राध्यापक कमी केले. शिवाय अर्धवेळ शिक्षक गेले, ज्यांना आपण तासिका तत्त्वावरचे म्हणतो. त्यांना एका जिल्ह्यात पूर्ण कामाच्या 67 टक्क्यांहून जास्त शिकवता येत नाही, म्हणून पोटासाठी ते सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या गावात गाडी हाकत जातात. त्यांना काढायला नोटीसही लागत नाही. पुढच्या सत्राचा वर्ग मिळाला नाही, इतकंच. नोव्हेंबर 2022 मध्ये कॉलेजसाठी नवा कर मांडला गेला तेव्हा मतदारांनी तो फेटाळला.

वर्ग कमी केले की तास कमी होतात, तास कमी झाले की पुढचं अनुदान मागायला हातात काही उरत नाही, आणि मग पुन्हा वर्ग. काही विश्वस्त या चक्रातून सुटायला वर्ग वाढवा म्हणतात, तर काही आधी जमाखर्च जुळवा म्हणतात. दोघांचंही म्हणणं खरं असल्यामुळे भांडण विकोपाला जातं. जानेवारी 2024 मध्ये आयोगानं पुन्हा ताकीद दिली आणि या वेळी बोट मंडळाच्या कारभाराकडे होतं.

मंडळाची बाजू घेताना त्याच्या चुका मला झाकायच्या नाहीत. गंगाजळी खरोखर आटली होती आणि अवघड निर्णय पुढे ढकलले गेले होते. पण सात माणसांना निवडून द्यायचं, त्यांना उघड्यावर बसवायचं, आणि ज्या गणितावर सगळं ठरतं ते त्यांच्या हाती द्यायचंच नाही, ही मांडणीच लंगडी आहे. निदान श्रेयांक नसलेल्या वर्गांना तरी मोजणीचा ठरावीक दिवस राज्यानं द्यावा. पदवीच्या वर्गांना तो आहेच. ऑनलाइन वर्गांसाठी वेगळा हिशेब करता येतो, तर चायनाटाउनमधल्या वर्गासाठी का नाही? ही मागणी सात विश्वस्तांपैकी कोणीही ठराव म्हणून मांडू शकतो. कार्यक्रमपत्रिका 72 तास आधी लागते, त्यामुळे तयारीला वेळही मिळतो.