उशिरा पोहोचलेला भरत

रामानंद सागर यांच्या 'रामायण'चा विषय निघाला की गप्पा अरुण गोविल यांच्या स्मितहास्यावर नाहीतर अरविंद त्रिवेदी यांच्या रावणावर येऊन थांबतात. पण त्या मालिकेतली अयोध्या निम्मी मराठी होती, हे किती जणांच्या लक्षात आहे? दशरथ बाळ धुरी, कौसल्या जयश्री गडकर, मंथरा ललिता पवार आणि भरत संजय जोग. उंबरगावच्या सेटवर मराठी किती ऐकू येत असेल, कल्पना करा!

मालिका पहिल्यांदा लागली १९८७-८८ मध्ये. तेव्हा मी पाळण्यात. नीट पाहिली ती २०२० च्या टाळेबंदीत, दूरदर्शनने २८ मार्चपासून पुन्हा दाखवली तेव्हा. भारताची विमानं बंद, इथे दुबईत एप्रिलमध्ये घराबाहेर पडायलाही परवाना लागायचा. आई-बाबा तिकडे रात्री नऊला टीव्ही लावायचे, आमच्याकडे तेव्हा साडेसात. मग फोनवर चर्चा.

ललिता पवार यांच्याबद्दल वेगळं काय लिहायचं! नुसत्या दारात उभ्या राहिल्या तरी घरात काहीतरी बिघडणार, हे कळतं. बाळ धुरी सुरुवातीला मला जरा नाटकी वाटले. पण राम निघून गेल्यावरचा त्यांचा दशरथ खचत जातो, आवाजातला राजा संपतो आणि फक्त बाप उरतो. शेजारी कौसल्या, म्हणजे प्रत्यक्षातली त्यांची पत्नी. हे माहीत असलं की तो प्रसंग बघवत नाही.

आणि मग आजोळहून भरत येतो. वडील गेलेत, हे त्याला ठाऊकच नाही. वाल्मीकी रामायणात तर दूतांनी त्याला खरं सांगायचं नाही, अशी वसिष्ठांचीच आज्ञा असते. 'बाबांना जरा बरं नाही, येऊन जा' असा फोन ज्याला आलाय, त्याला यात काही नवीन वाटणार नाही. भरत आईला विचारतो, बाबा शेवटी काय म्हणाले? उत्तरात राम, सीता, लक्ष्मण अशी तीन नावं येतात. त्याचं नाव नसतं.

संजय जोग यांचं कौतुक होतं ते चित्रकूटच्या भेटीसाठी, पादुकांसाठी. मला मात्र त्याआधीचा हा भरत जास्त भिडला. कॅमेरा त्या काळच्या पद्धतीने एकेका चेहऱ्यावर रेंगाळतो, पार्श्वसंगीतही जरा जास्तच आहे, तरी या माणसाच्या चेहऱ्यावरचा अपराधीपणा खोटा वाटत नाही. काहीही न करता अपराधी. हा गुणी नट १९९५ मध्ये अकाली गेला.

त्याच एप्रिलमध्ये आमच्या इमारतीतल्या एका मित्राचे वडील गावी वारले. मुंबई इथून तीन तासांवर, पण पहिली विशेष विमानं सुटली ती ७ मे रोजी, तीही केरळला. अंत्यसंस्कार त्याने मोबाइलवर पाहिले. दशरथाचा देह भरत येईपर्यंत तेलात जपून ठेवला होता. याच्यासाठी कोण थांबणार? काही दिवसांनी तो म्हणाला, "रामायण बघतोस ना? भरताचा भाग झाला की सांग, मी त्यानंतर सुरू करतो."

तुम्ही पाहणार असाल तर सुट्टीच्या दिवशी, जरा लवकर पाहा. नंतर घरी फोन करावासा वाटतो, आणि तिकडे घड्याळ दीड तास पुढे असतं.